लाल दोऱ्याला पाच स्टार

आमच्या वहिनी लग्नाआधीपासून शिवणकाम करतात. कुठलाही कपडा आधी उलटा करून शिवण बघायची, दुकानदाराच्या गोड बोलण्यावर जायचं नाही, ही त्यांची रीत. तरी एकदा फसल्याच. ऑनलाइन मागवलेल्या लाल दोऱ्याचा रंग पहिल्याच धुण्यात गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या झग्यावर उतरला.

वहिनींनी एक स्टार देऊन तसं साइटवर लिहिलं. सकाळी बघतात तर अभिप्राय गायब.

"त्यांची साइट, त्यांचे नियम," मी म्हणालो.

"म्हणजे मी तोंड शिवून बसू? उद्या आणखी कोणी फसली, तर तिला कोण सांगणार? तुम्ही?"

पुन्हा लिहिलं, तेही काढलं गेलं. मग चष्मा लावून त्या इतरांचे अभिप्राय वाचत बसल्या. सगळीकडे पाच स्टार, तक्रार औषधालाही नाही.

"भाऊजी, इतकी सरळ शिवण माणसाच्या हातची नसते. हे साइटवाले फक्त स्टार बघतात, मजकूर वाचतच नाहीत."

त्यांनी पाच स्टार दिले आणि खाली लिहिलं, "दोरा फार उदार. पहिल्याच धुण्यात आपला सगळा रंग कापडाला देऊन टाकतो."

हा अभिप्राय मात्र टिकला, उलट सगळ्यात वर झळकू लागला. त्याखाली एका बाईंनी लिहिलं, "आभारी आहे, ताई. ऑर्डर रद्द केली."

मला हसू आलं. वहिनींना नाही.

"ही तरी खरी कशावरून?" म्हणत त्या तिचे जुने अभिप्राय शोधू लागल्या.