कोपऱ्यातली खोली

डोंगरातल्या त्या तळ्याच्या गावी बस थांबली की उतारूंपुढे पहिला प्रश्न असायचा तो एकच. खाली राहायचं की वर? खाली म्हणजे पाण्याला लागून असलेली जुनी लाकडी घरं. सकाळी खिडकी उघडली की तळं अंथरुणात आल्यासारखं वाटायचं, पण चादरी कायम दमट आणि भिंतींना कुबट वास. वर म्हणजे चढावरची नवी हॉटेलं. तिथं नळाला गरम पाणी, कोरड्या गाद्या, ऐसपैस बाल्कनी. पण तळं बशीएवढं दिसायचं आणि खाली उतरायचं म्हटलं की गुडघे बोलायला लागायचे.

काकूंचं घर खाली होतं. नवरा गेल्यापासून चार खोल्या पाहुण्यांना देऊन त्या पोट भरत होत्या. पाचवी, कोपऱ्यातली खोली मुलाची. तो तळ्यात गेला तेव्हापासून तिला कुलूप होतं आणि किल्ली काकूंच्या कमरेला.

वरचं सगळ्यात मोठं हॉटेल त्यांच्या धाकट्या दिराचं. पदरी नोकर असूनही तो स्वतः बसस्टँडवर उभा राहायचा. स्टँडवरचे हमाल त्याला 'मधाचं बोट' म्हणत. बाईमाणसाच्या हातातली पिशवी तो अशा मायेनं घ्यायचा, की ती परत मागायला तिची जीभ रेटायची नाही.

त्या वर्षी ऐन हंगामात काकूंच्या खोल्या रिकाम्या पडल्या. लोक फाटकापर्यंत यायचे, घराकडे बघून आपसात कुजबुजायचे आणि पाय मागे घ्यायचे. काकूंना वाटलं, ओलीचं कारण असेल. त्यांनी भिंती रंगवल्या, गाद्या उन्हात घातल्या, दर खोलीत शेगडी ठेवली. तरी शुकशुकाटच.

मग वर कुठंच जागा न मिळालेलं एक कुटुंब आलं. सकाळी चहा घेताना त्यांच्या लहान मुलीनं विचारलं, "आजी, तुम्ही वेड्या आहात?"

तिच्या आईचा चेहरा पांढराफटक पडला. "तसं नाही हो काकू. स्टँडवर एक गृहस्थ भेटले, ते म्हणाले, तुमचा मुलगा बुडाला आणि तेव्हापासून तुम्ही पाहुण्यांच्या खोल्यांतून त्याला शोधत फिरता. फार हळहळत होते बिचारे. तुमचे दीरच ना ते?"

"हो," काकू म्हणाल्या. "सख्खे." आणि त्यांनी मुलीच्या कपात अजून थोडं दूध ओतलं.

दुसऱ्या दिवशी बसच्या वेळेला त्या स्टँडवर गेल्या. दीर एका नव्या जोडप्याला घेऊन उभा होता. "माझी भावजयच आहे ती, सांगताना सुद्धा जीव तुटतो. पण पोरगा गेला आणि..."

"आणि काय भावजी?" काकूंनी मागून विचारलं. "पुढचं सांगा की."

हमाल सरसावून बसले. आता चांगली जुंपणार, असं सगळ्यांना वाटलं. काकू भांडायलाच आल्या होत्या. पण त्या जोडप्यातली मुलगी एकटक त्यांच्याकडे बघत होती. त्या नजरेत भीती नव्हती. चांगलं पान वाढलेलं दिसावं, तशी हाव होती.

"खरंच तुमचाच मुलगा?" तिनं विचारलं. "याच तळ्यात?"

"माझ्या दारासमोर." काकूंची नजर दिरावर होती. "त्याची खोली आहे अजून तशीच. राहायचंय तिथं?"

दिराचं नाक कापायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. ते कापलं गेलं. जोडपं त्यांच्या मागे निमूट खाली आलं.

कुलूप काकू एरवी एकट्याच उघडायच्या, पण त्या दिवशी त्यांच्या हातून किल्ली फिरेना. शेवटी त्या तरुणानंच जोर लावून दार उघडलं. खुंटीवर मुलाचा शर्ट, भिंतीला टेकवलेलं वल्हं, टेबलावर कंगवा. मुलीनं त्या शर्टाजवळ उभं राहून फोटो काढून घेतला. दोन दिवस राहून ती दोघं खूश होऊन गेली. काकू चादरी बदलायला आत गेल्या आणि सवयीनं त्यांनी उशी तोंडाशी धरली. इतकी वर्षं त्या उशीला मुलाच्या केसांचा वास होता, निदान त्यांना तरी येत होता. आता तिला कुणाच्या तरी अत्तराचा घमघमाट येत होता.

त्यांनी उशीचा अभ्रा साबणाच्या पाण्यात उकळायला टाकला आणि पुढच्या बसला स्टँडवर हजर झाल्या.

नुसतं 'बुडाला' म्हणून भागेना. लोकांना कसा, कशासाठी, सगळं हवं असायचं. खरं सांगण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. धक्क्याच्या पायऱ्यांवरचं शेवाळं खरवडताना पोराचा पाय घसरला, डोकं आपटलं आणि गुडघाभर पाण्यात तो पालथा पडून राहिला. बस्स. म्हणून काकूंनी आधी वादळ आणलं. मग कुणाला तरी वाचवायला त्यांनी त्याला खोल पाण्यात उडी मारायला लावली. सुरुवातीला ती एका पाहुण्यांची मुलगी होती, पण ती ऐकून लोक नुसती मान हलवायचे. एकदा बोलता बोलता तोंडून निघून गेलं, "त्याची बहीण." समोरच्या बाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तेव्हापासून बहीण ठरून गेली.

बहीण खरीच होती. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नर्स होती, नवऱ्याबरोबर तिथंच राहायची. तिच्या वॉर्डात तळ्याला जाऊन आलेली एक बाई दाखल झाली आणि तिनं सहज गप्पांत त्या खोलीचं वर्णन केलं. मुलीनं लगेच फोन लावला.

"आई, तू दादाची खोली भाड्यानं देतेस?"

"तुझ्या काकांनी दुसरा रस्ताच ठेवला नाही."

"मी पाठवते तुला लागतील तेवढे पैसे. त्या खोलीला कुलूप घाल. आणि ते वादळबिदळ काय? शेवाळ्यावरनं पाय घसरला होता त्याचा."

"ते ऐकायला एवढा चढउतार करून कोण येतंय?"

मग मुलगी म्हणाली, "आई, तुला बरं वाटतंय का गं हे?"

काकूंनी फोन ठेवून दिला. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. दिराचे वरचे मजले रिकामे राहू लागले होते. स्टँडवर तो आता तोंड चुकवायचा आणि ते बघितल्याशिवाय काकूंना घास गोड लागत नव्हता.

थंडीच्या तोंडाला मुलगी न कळवता आली. बरोबर नवरा होता. आईशी भांडायचं नाही, जवळ बसून समजूत घालायची, पटलं तर आपल्याबरोबर शहरात घेऊन जायचं, असं दोघांनी वाटेत ठरवलं होतं. ती बसमधून उतरली तेव्हा काकू पाहुण्यांच्या घोळक्यात उभ्या होत्या.

"...दोनदा तो वर आला," काकू सांगत होत्या, "आणि दोन्ही वेळा त्यानं आधी बहिणीला वर ढकललं. तिसऱ्यांदा नाही आला."

"मग ती वाचली?" एका म्हाताऱ्यानं विचारलं. "कुठं असते आता?"

काकूंची नजर वर गेली. समोर मुलगी उभी होती, हातात बॅग, ओठ पांढरे पडलेले. गप्प बसता आलं असतं, विषय बदलता आला असता. पण पलीकडे दीर एका मोठ्या कुटुंबाच्या बॅगा उचलत होता, आणि हा घोळका अजून वर की खाली या विचारात होता.

"ही काय," काकू म्हणाल्या. "हीच ती."

घोळका तिच्याकडे वळला. एका बाईनं तर पुढं होऊन तिचा हात हातात घेतला.

"मी इथं नव्हते," मुलगी म्हणाली. "मी होस्टेलवर होते. कळल्यावर आले मी. आई, सांग ना यांना!"

काकूंनी मान खाली घातली आणि पदरानं डोळे टिपले.

"धक्का बसलाय हो पोरीला," त्या बाईनं मागे वळून हलक्या आवाजात सांगितलं. "मन मानत नसेल तिचं."

मुलीनं हात सोडवून घेतला. नवरा पुढं झाला, पण तिनं त्याला डोळ्यांनीच थांबवलं. मग रस्ता ओलांडून ती दिराजवळ गेली.

"काका, वर खोली आहे का?"

दिरानं एकदा भावजयीकडे पाहिलं. त्यानं मुकाट्यानं तिची बॅग घेतली. तिघं चढाला लागली. मुलीनं एकदाही मागे बघितलं नाही.

"आपलं घर सोडून तिकडे का गेली?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"कुठल्या तोंडानं येईल?" काकू म्हणाल्या. त्यांनी त्याची पेटी उचलून कमरेवर घेतली. "चला, खाली जाऊ. कोपऱ्यातली खोली कुणाला हवीय?"

तिघांनी हात वर केले.