काकीचा अंगठा

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या धामधुमीत लालबागच्या आमच्या चाळीतल्या बायका पोलिसांच्या गाडीपुढे उभ्या राहिल्या होत्या, असं आता लोक कौतुकाने सांगतात. राहिल्या असतील. मी गॅलरीतल्या पाण्याच्या पिंपामागे होते.

तेव्हा मी नुकतीच मॅट्रिक होऊन गिरगावातल्या एका कापडाच्या पेढीवर लागले होते. वडील गिरणीतल्या कापसाच्या धुळीने खोकून खोकून घरी बसले होते, आणि मला अजून कायम केलेलं नव्हतं. हेडक्लार्कने नुसतं "जरा इकडे या" म्हटलं तरी मी हातातलं काम टाकून धावायचे.

एके दिवशी त्यांनी असंच बोलावून माझ्या हातात एक छापील कागद दिला. श्रीमंतांच्या संपत्तीवर सरकार नवा कर बसवणार, अशी बाजारात जोरात चर्चा होती आणि हा त्याविरुद्धचा अर्ज होता. वर लिहिलं होतं, 'आम्ही मुंबईतले सामान्य नागरिक', आणि खाली सह्यांसाठी रिकाम्या ओळी.

"शेठजींच्या सहीला दिल्लीत कोण विचारतो?" ते म्हणाले. "गिरणीतल्या बाईचा अंगठा असला की ते जनतेचं म्हणणं होतं. तुमच्या चाळीतून भरून आणा."

"पण आमच्याकडे हा कर बसणार कोणावर?" मी विचारलं. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

"गळ्यात गुंजभर सोनं असेल ना? सरकार घरोघरी येऊन सोनं मोजणार आहे, एवढंच सांगा. शनिवारपर्यंत."

कर लाखांत लोळणाऱ्यांवर होता, हे त्यांना ठाऊक होतं आणि वर्तमानपत्र वाचत असल्यामुळे मलाही. मी नाही म्हणू शकले असते. मी कागद पिशवीत घातला आणि ट्रामने घरी आले.

चाळीत तेव्हा शेठजी हा शब्द शिवीसारखा वापरत. मुंबई आपल्या हातून जावी म्हणून शेठ लोकच दिल्लीचे कान भरतात, असं जिन्याजिन्यावर बोललं जाई. त्यांच्यासाठी सह्या गोळा करते आहे, असं कुणा तरुण पोराला कळलं असतं तर माझी धडगत नव्हती. म्हणून पुरुष पाळीला गेल्यावर मी नळावर बायकांना गाठलं आणि कागद कुणाचा ते सांगितलंच नाही. त्यांनीही विचारलं नाही. चाळीची सगळी पत्रं मीच वाचून दाखवायचे. माझ्या तोंडून कधी खोटं निघालं नव्हतं.

शेजारच्या काकीने कागद उलटासुलटा करून पाहिला. ती मालवणकडची, गिरणीत वाइंडिंगला, सूत गुंडाळायच्या खात्यात. माझी आई वारल्यावर माझ्या वेण्या तिनेच घातल्या होत्या. अंगावर सोनं म्हणाल तर लग्नातलं एक डोरलं.

"खरां काय गो? माज्या डोरल्यार पण कर बसतलो?"

मी हो म्हटलं. तिने शाईत अंगठा बुडवला.

दोन दिवसांनी पाहिलं, तर काकीचा गळा उघडा. डोरलं तिने तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं होतं, आणि ते फक्त मला माहीत होतं. नळावरच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. नवरा धडधाकट असताना डोरलं उतरवणारी ही कसली बाई? काकीने कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं तर सरकारच्या कानावर जाईल, असं तिला वाटे. "काकी, घाल ते, सगळं खोटं आहे," एवढंच मला म्हणायचं होतं. पण मग तुला खोटं बोलायला कोणी लावलं, असं तिने विचारलं असतं. मी माझी घागर उचलली आणि घरात गेले.

त्याच आठवड्यात नाक्यावर लाठीमार झाला. काका डोक्याला रक्ताळलेलं फडकं बांधून घरी आले आणि आतल्या कोपऱ्यात पडून राहिले. दगड मारणाऱ्यांच्या शोधात पोलीस येणार हे उघड होतं. चाळीने ठरवलं, दारं लावून घ्यायची, कितीही ठोकलं तरी कुणी उघडायचं नाही.

ते दुसऱ्या दिवशी दुपारी आले. मी पाणी भरत होते. जिन्यावर बूट वाजले आणि मी पिंपामागे बसले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं मला वाटलं, माझाच कागद घेऊन आले. एकामागून एक दार ठोकलं जात होतं. एकही उघडत नव्हतं.

काकीचं उघडलं. हाताला तांदळाचे दाणे चिकटलेले, आणि ओंजळीत डोरलं.

"साहेब, एवढांच आसा," ती म्हणाली. "मोजून घेवा."

शिपाई त्या डोरल्याकडे बघत राहिला. त्याला काही कळेना. मग त्याने तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. त्यांनी काकांना फरफटत नेलं तेव्हा ती डोरलं हातात धरून जिन्यापर्यंत मागे धावली. मी पिंपामागून हलले नाही.

उघड्या गळ्याने फिरली, म्हणून नवरा गेला, असं बायका तिच्या तोंडावर बोलल्या. मी तिथेच उभी होते.

काही आठवड्यांनी काका सुटले. एका कानाने ऐकू येईनासं झालं होतं. कर व्हायचा तो झालाच. मला मात्र पेढीवर कायम केलं.

ते कळल्यावर काकी वाटीत खोबऱ्याच्या वड्या घेऊन आली. गळ्यात डोरलं होतं. दार लोटून ती हळूच म्हणाली, "तुज्या कागदार अंगठो दिलंय म्हणान डोरलां तरी वाचलां गो. पोलिसान हात सुदा लावूक नाय. परत कधी अंगठो लागलो तर माका सांग."

मी बरं म्हटलं आणि वडी तोंडात घातली.