आपोआप अडकणारे आकडे
काल पुतण्याच्या सदऱ्याला वंगणाचा वास आला आणि खानापूरच्या रेल्वे यार्डातली एक जुनी दुपार आठवली. अण्णा, माझा थोरला भाऊ, तिथे दोन डब्यांच्या मध्ये शिरून हाताने साखळ्या जोडायचा. वहिनी आणि मी त्याची भाकरी घेऊन गेलो होतो. डबे भिडताच आपोआप अडकणाऱ्या आकड्यांचं मासिकातलं चित्र मी त्याला दाखवलं. त्याने आपली काळी बोटं वाकवून एकमेकांत अडकवून पाहिली. “मधी माणूस लागतच न्हाय व्हय रं?” “मग तुमी काय करनार?” वहिनीने विचारलं. “लांब हुबा राहून बघीन की.” आकडे आलेच नाहीत, पुढच्याच वर्षी तो डब्यांमध्ये सापडून गेला. त्याच्या जागी आता त्याचा मुलगा लागला आहे. तो सदरा धुवायला घेताना वहिनी म्हणाली, “भावजी, ते आकडं आलं का वो?” मी “नाही” म्हणालो. ती सदरा घासत राहिली.