दिवे घाट आणि लहान इंजिनाची पिकअप

दिवे घाटातल्या एका वळणावर तनुजाची पिकअप बंद पडली आणि हळूहळू मागे सरकायला लागली. हौद्यात उसाच्या रोपांचे ट्रे रचलेले होते. तिनं हँडब्रेक ओढला, तो धरेना. इंजिन बंद पडल्यामुळे पायाचा ब्रेकही कडक झाला होता. आरशात मागच्या फाळक्याला जवळजवळ चिकटलेली स्कूटर दिसत होती, तिच्यावर एक म्हातारं जोडपं. तनुजानं दोन्ही पाय ब्रेकवर रोवले, पाठ सीटला रेटली आणि हॉर्न दाबून धरला.

म्हाताऱ्याच्या लक्षात आलं. त्यानं बायकोला उतरवलं, स्कूटर कशीबशी कडेला ओढली आणि रस्ता रुंद करण्यासाठी फोडलेल्या खडकातला एक धोंडा आणून चाकामागे टाकला. गाडी थांबली. तनुजाचे पाय मात्र ब्रेकवरून निघेनात.

"आता उतरलीस तरी चालेल," म्हातारा खिडकीशी येऊन म्हणाला. "ती कुठं जात नाही."

ही गाडी मुळात तिच्या नवऱ्याची, जयसिंगची. मांजरीत त्यांची उसाच्या रोपांची नर्सरी. रोपं पोचवायला त्यानं त्यातल्या त्यात लहान इंजिनाची पिकअप घेतली, तर गावातले मित्र तिला डबडं म्हणायला लागले. ते त्याला लागलं. त्यानं पुढे भलामोठा लोखंडी गार्ड बसवला, हौद्यावर पाइपांचा पिंजरा वेल्डिंग करून घेतला, तळाला जाड पत्रा ठोकला, चाकंसुद्धा मोठी टाकली. गाडी रुबाबदार दिसायला लागली.

मग एका दुपारी रोपांना पाणी देताना त्याला फिट आली. पुन्हा आली. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली. पगारी ड्रायव्हर टिकेनात, तेव्हा तनुजा शिकली. जयसिंग रोज सकाळी गाडी धुवायचा, गार्ड फडक्यानं पुसायचा. पण आत बसायचा नाही.

घाटातली गोष्ट ऐकून तो म्हणाला, "हाफ क्लच जमत नाय तुला अजून."

"मागं माणसं होती," तनुजा म्हणाली.

त्यानं बॉनेटवर थाप मारली. "इंजिनातच दम नाय. एक डबी मिळती, इंजिनाला जोडायची. सुदर्शनला सांग बसवायला."

सुदर्शन हा फुरसुंगीचा मेकॅनिक. त्यानं बॉनेट उघडून पाहिलं. "डबी बसवतो, वहिनी. ती इंजिनात जास्त डिझेल सोडायला लावते. सपाट रस्त्यावर खूश व्हाल. पण इंजिन लहान आहे. भरल्या गाडीनं घाट चढताना तापलं, तर मधेच दगा देईल."

तनुजाला तो आरसा आठवला. "मग नको. दुसरं काय करता येईल?"

"आधी काट्यावर नेऊ."

वजनकाट्यावरचा आकडा सुदर्शननं दोनदा वाचला. माल भरण्याआधीच गाडी अर्धी भरलेली होती. सुदर्शन म्हणाला, "हे लोखंड उतरवा. चाकं कंपनीच्या मापाची घाला. मोठं चाक फिरवायला इंजिनाला जास्त जोर लागतो. इंजिनात हवा दाबणाऱ्या टर्बोचा पाइपही चिरलाय, हवा वाया जातेय, तो मी बदलतो. आणि हँडब्रेक आधी नीट करतो."

"यांना विचारून सांगते," असं ती म्हणणार होती, पण म्हणाली नाही. "करा सुरू," म्हणाली.

गार्डचे नट सुटत असतानाच जयसिंग गॅरेजवर आला. कुणी सांगितलं देव जाणे. तो थेट ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला आणि दार ओढून घेतलं.

"अहो, उतरा," तनुजा म्हणाली.

"माझी गाडी हाय."

"तुमचीच आहे. चढावर मी असते तिच्यात."

"लायसन गेलं. आता एवढं तरी राहू दे." तो समोरच्या काचेकडे बघत बोलत होता. स्टिअरिंग त्यानं दोन्ही हातांनी आवळलं होतं. त्याला फिट तर येणार नाही ना, या भीतीनं तनुजानं दाराची कडी घट्ट धरली. सुदर्शननं पाना खाली ठेवला.

शेवटी तनुजा हळू आवाजात म्हणाली, "त्या दोघांना मी मारलं असतं हो."

जयसिंग उतरला आणि चालत घरी गेला. पुढचे काही दिवस तो जेवायला बसायचा, उठायचा, बोलायचा नाही. लोखंड उतरवून गाडी घरी आली, तर तिला धुणंही बंद केलं.

नीरेच्या एका शेतकऱ्याची रोपं पोचवायची होती. तनुजानं ट्रे भरले, आणि दार उघडलं तर शेजारच्या सीटवर जयसिंग बसलेला. तिनं किल्ली फिरवली.

घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये बिनबोभाट चढत होती. पण त्याच वळणाच्या अलीकडे रस्त्याच्या कामावरचा डंपर आडवा आला आणि रांग थांबली. चढावर, भरल्या गाडीनिशी. मागे एक शाळेची व्हॅन येऊन टेकली.

"रेस दे," जयसिंग म्हणाला. "रेस दे, नायतर बंद पडंल."

"तुम्ही गप्प बसा."

डंपर सरला. तिनं हँडब्रेक तसाच धरून क्लच सावकाश सोडला. गाडी थरथरली, नाक जरासं वर आलं. तिनं ब्रेक सोडला. गाडी तसूभरही मागे न जाता पुढे निघाली.

घाटमाथ्यावर तिनं कडेला घेतली. जयसिंग खाली उतरला आणि प्रत्येक चाकाला हात लावत फिरला.

"मागचं डावं जास्त तापलंय," तो म्हणाला. "ब्रेक चिकटतोय. सुदर्शनला सांगाय पायजे."

"सांगू."

त्यापुढं तो घाटाच्या प्रत्येक फेरीला बरोबर जायला लागला. तिच्या क्लचला नावं ठेवणं काही थांबलं नाही. पण त्या पहिल्या दिवशी नीरेहून परतल्यावर त्यानं सीटमागची अवजारांची जड पेटी स्वतः ओढून काढली, दोन पाने आणि जॅक तेवढे परत आत ठेवले आणि पेटी शेडमध्ये नेऊन टाकली.

"उगं वाहायची कशाला," एवढंच म्हणाला.