दिल्लीच्या दारातून मागं फिरले

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ कधी जमलं नाही, चौथीनंतर शाळाच सुटली. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर तेवढं माफ करावं. चारचौघांत बोलायला जीभ उचलत नाही, म्हणून लिहिते.

आमच्या बचत गटाच्या अकरा बायका दोन दिवस दिल्ली बघायला गेलो. माझे पैसे थोरल्या जावेनं भरले होते. यांना दुकानात माल भरायचा होता, हे देईनात. मला मात्र फार हौस. शाळेत हात पुढे करून रोज प्रतिज्ञा म्हणायचो, तो देश तिथं गेल्यावर डोळ्यांनी दिसेल असं वाटायचं.

दिसली ती घाण. शहिदांच्या स्मारकाबाहेर चिप्सच्या पिशव्या, भिंतीच्या कोपऱ्यात गुटख्याच्या पिचकाऱ्या. एक माणूस गालावर तिरंगा काढून देत होता, एकाच फडक्यानं सगळ्यांचे गाल पुसत होता. जावेनं दोन्ही गालांवर काढून घेतला. घामानं रंग मानेपर्यंत ओघळला. तो तिनं पदरानं पुसला आणि मिश्रीची थुंकी झाडाच्या बुडाशी टाकली.

दारात तपासणी होती. शिपाई बाईचं यंत्र माझ्या गळ्याशी वाजलं.

"ये क्या है? निकालो, ट्रे में डालो."

गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी होती. आम्हा लिंगायतांत ती जिवंतपणी अंगावेगळी करायची नसते, परक्या हाताला लागू द्यायची नसते. ट्रेमध्ये कंबरेचे पट्टे, मोबाईल, कुणाची तरी तंबाखूची पुडी. मला हिंदी येत नाही. डबी मुठीत धरून मान हलवत राहिले.

"पाकिस्तान से आयी है क्या?" रांगेतला एक माणूस म्हणाला. सगळे हसले. त्याच्या शर्टावर कागदी झेंडा टाचलेला होता.

जावेला हिंदी येते. तिनं सांगितलं असतं तर शिपाई बाईनं ऐकलंही असतं. पण ती माझ्यावरच खेकसली, "काढ की गं! म्या न्हाई का माझं देव्हाऱ्यात ठेवून आले? तू काहून घालून आलीस?"

"अक्का, असं कसं काढू?"

"माझ्या पैशानं आलीस नि इथं सोवळं दाखवतीस व्हय? लई मोठी संत शरणी लागून गेलीस!"

माझा हात गाठ सोडायला मानेमागं गेला. पैसे तिचे, म्हणूनच गेला. त्या हाताची मला अजून किळस येते. मग तो खाली घेतला आणि रांगेतून मागं फिरले.

दोन तास फुटपाथवर बसले. आतून देशाच्या नावानं घोषणा ऐकू येत होत्या. हसणारेही त्यातच ओरडत असतील. शिपाई बाईचा राग नाही, ती तिचं काम करत होती. आमच्या गल्लीतली मुसलमान चाची माझी पूजा चालू दिसली की उंबऱ्याबाहेर थांबते, "होऊ दे तुजं" म्हणते. मला देश म्हणून तेवढाच उंबरा आठवला.

गावी आल्यावर जावेनं गल्लीभर सांगितलं, "माझे पैसे घालून फुटपाथ बघून आली!" उन्हाळाभर कुरडया आणि शेवया करून गेवराईच्या बाजारात विकल्या, येतील तसे पैसे तिला देत गेले. परवा शेवटचे दोनशे तिच्या हातावर ठेवले.

"राहू दे की गं, घरातल्या घरात कसलं देणं," ती म्हणाली, आणि नोटा मोजू लागली. दोनशे पुरे भरले.