न पुसलेली ओळ

"झाडू = 0;"

सरांनी फळ्यावर लिहिलं आणि माझ्याकडे बघितलं. मी दारात उभी. हातात झाडूच होता.

"अब इसे सौ से गुणा करो, हज़ार से करो. क्या आएगा?"

"ज़ीरो, सर!" अख्खा वर्ग हसला.

कारण एवढंसं. झाशीतल्या खंडेराव गेटजवळच्या त्या कॉम्प्युटर क्लासात मी साफसफाई करायचे. एका मुलीचा सी भाषेतला प्रोग्रॅम चुकत होता. गुप्त अंक सात टाकला तरच 'स्वागत' यायला हवं. पण काहीही टाका, स्वागतच. सरांनाही सापडेना. माझ्या तोंडून गेलं, "सर, तिथं बरोबरचं चिन्ह एकच आहे. एकानं सात आत ठेवला जातो. ताडून बघायला दोन लागतात."

चूक तीच निघाली. मग सरांनी खडू घेतला.

सर वाईट नव्हते, असं आजही लिहावंसं वाटतं. मी लातूरकडची. सातवीत शाळा सुटली, लग्न होऊन इकडं आले. "आपली मराठी पोर" म्हणून त्यांनी कामावर ठेवलं. दुपारी वर्ग रिकामा असला की शेवटच्या मशीनवर बसू दिलं. घरचा चहा द्यायचे. आडनाव कळल्यावर कप वेगळा झाला, खिडकीत पालथा राहायला लागला. त्यातला चहाही मी उपकार म्हणूनच प्यायले.

तास संपला. मुलं गेली. "पुसून टाक गं," सर मराठीत म्हणाले.

डस्टर उचललं. रोज फळा पुसता पुसताच तर मी शिकले होते. ही एक ओळ पुसवेना.

"तुम्ही लिहिलंय, सर. तुम्हीच पुसा."

"मग उद्यापासून मशीनला हात लावायचा नाही."

"बरं."

डस्टर टेबलावर ठेवलं नि निघाले.

आता प्रेम नगरच्या आमच्या खोलीत वहीवर प्रोग्रॅम लिहिते. व्हेरिएबलला, म्हणजे आकडा ठेवायच्या डब्याला, नाव द्यायला पेन टेकवलं की तो वर्ग हसतो. भांडी घासताना हसतो. भाजीवाल्यापुढं उभी असले तरी हसतो.

ती ओळ वहीत उतरवलीय, तिच्याखाली अख्खा प्रोग्रॅम रचलाय. झाडूच्या जागी माझं नाव घातलंय. एका जागी बदलून भागत नाही. खाली कुठं जुनं नाव राहिलं तर मशीन अडतं. म्हणून बोट ठेवून एकेक ओळ तपासते. शून्यही खोडलंय.

स्टेशनकडं दुसरा क्लास आहे. उद्या जाणार. झाडायला नाही, शिकायला. नाव विचारलं की आडनावासकट सांगेन. आणि चहा दिला, तर आधी कप बघेन.