पत्र्याचं मखर

पान्याचा दुसरा घाव मुलीच्या हातावर बसला तेव्हा मी शेडच्या दारात होते. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तिसरा डोक्यात बसला असता. मी तिथलाच लोखंडी पाइप उचलला आणि जावयाच्या गुडघ्यावर घातला. तो कोसळला. मग तोंडावर घातला. "म्हातारे..." एवढंच बोलला, पुढे नुसतं रक्त आलं. बाजूला रिक्षाचा हॉर्न सारखा बोंबलत होता.

मुलगी बदलापूरला बेलवलीच्या स्टँडवर रिक्षा चालवते. नवरा मारतो म्हणून ती माझ्याकडे, अंबरनाथला बुवापाड्यात, राहायला आली होती. त्याने फोनवर सांगितलं होतं, "गाडीसकट जाळीन तुला." त्यावर माझ्या मुलाने तिच्या रिक्षात एक डबा बसवला. तो उल्हासनगरला मोबाइल दुरुस्त करतो. डब्यात सिमकार्ड घातलं, आणि उपग्रहाकडून जागा कळते तो तुकडा डॅशबोर्डवरच्या देवामागे, काचेतून आभाळ दिसेल असा चिकटवला. डब्याला मेसेज केला की गाडी कुठे आहे ते उलट मेसेजने यायचं. हॉर्नचीही एक वायर त्याने डब्याला जोडली होती.

दसऱ्याच्या दुपारी स्टँडवरच्या एका रिक्षावाल्याचा फोन आला. "मावशी, जावयाने तिला मागे कोंबलं आणि गाडी पळवली! अंबरनाथकडे गेला."

मुलाने मेसेज केला. उत्तर आलं: बेलवली स्टँड. त्याने रिक्षावाल्याला पुन्हा फोन लावला. "अरे, गाडी तिथेच दाखवतेय."

"इथे फक्त झेंडूचा कचरा आहे, भावा. डोळे फुटलेत का तुझ्या डब्याचे?"

मुलगा चिडला. "सकाळी गाडीत काय बसवलं तिने?"

"देवाला मखर. चांगलं पत्र्याचं, चकचकीत. आम्हीच स्क्रू मारले."

मुलाने कपाळावर हात मारला. "आई, पत्र्याखाली त्याला आभाळ दिसत नाही. मखर बसवायच्या आधीची जागा तो अजून सांगतोय."

"मग आता?"

"सिमला पत्र्याचं एवढं नाही. ते कुठल्या टॉवरला धरून आहे ते डब्यालाच मेसेज करून विचारतो."

टॉवर एमआयडीसीतला निघाला. मुलाच्या स्कूटरवर बसून गेलो. टॉवरवरून घर कळत नाही, नुसता भाग कळतो. शेडमागून शेड, सगळ्यांच्या दारांना तोरणं. दसऱ्याला तिथे यंत्रांची पूजा होते, मग ती दिवसभर बंद. एरवी त्या खडखडाटात माणूस ओरडला तरी ऐकू जात नाही. त्या दिवशी चिटपाखरू नव्हतं. मारायला जागा त्याने बरोबर निवडली होती.

मी मुलाला म्हटलं, "हॉर्न वाजव."

"तो सावध होईल."

"होऊ दे. वाजव."

त्याने मेसेज केला. थोडा वेळ काहीच नाही. मग डाव्या हाताच्या गल्लीतून हॉर्न सुरू झाला आणि थांबेना. मी स्कूटरवरून उडी मारली. या वयात कशी मारली ते विचारू नका. बंद पडलेल्या कारखान्याची शेड, आत रिक्षा. डिझेलचा डबा उघडून ठेवलेला. मुलगी जमिनीवर, आणि तिच्यावर तो पाना घेऊन.

नंतर हवालदार म्हणाला, "मावशी, एवढं कशाला मारलंत?"

"अजून मारणार होते. पोराने पाइप धरला."

मुलगी वाचली. तिच्या हाताची मूठ आता वळत नाही. जावईही वाचला.